प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण: काय विचारावे आणि कधी?

पुण्यातील आपल्या महाविद्यालयात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांचे पूर्वानुभव आणि अपेक्षा जाणून घेण्यासाठी प्रश्नावली कशी असावी, आणि ती प्रवेशाच्या वेळीच भरून घ्यावी का, असे आपण विचारले आहे. मी येथे पदवीच्या वर्गांना शिकवतो आणि आमच्याकडील अशा प्रश्नावलीच्या कामात माझा सहभाग असतो, त्या अनुभवावरून लिहीत आहे.

प्रवेशाच्या दिवशी ती भरून घेऊ नये. त्या दिवशी खिडकीपाशी पालक सोबत असतात, पुष्कळदा अर्ज तेच भरतात, आणि उत्तरांचा प्रवेशावर परिणाम होईल अशी भीतीही असते. शिवाय अभियांत्रिकीसारख्या शाखांत कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, पुढच्या फेरीत काही विद्यार्थी दुसरीकडे जातात. मात्र तास सुरू होऊन महिना उलटल्यावर विचारले, तर अपेक्षांच्या जागी पहिल्या महिन्याचे मत हाती येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने ज्या परिचय कार्यक्रमाची मार्गदर्शिका काढली, त्याच्या पहिल्याच दिवसातील अर्धा तास मला यासाठी सर्वांत योग्य वाटतो.

प्रश्नांच्या बाबतीत अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या सर्वेक्षणाची रीत घेण्याजोगी आहे. तेथे शालेय शेवटच्या वर्षात विद्यार्थ्याने काय केले आणि महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात तो काय करेल असे त्याला वाटते, हे दोन्ही विचारतात. पुढे वर्षअखेरीच्या वेगळ्या सर्वेक्षणाशी ती उत्तरे ताडून पाहता येतात. ‘तुम्ही मेहनती आहात का?’ या प्रश्नाला नकार कोण देणार? त्याऐवजी ‘बारावीत क्लासचे तास सोडून आठवड्याला साधारण किती तास स्वतः अभ्यास केलात?’ आणि ‘या सत्रात किती तास कराल?’ असे दोन प्रश्न, तेच पर्याय देऊन, विचारावेत.

पूर्वानुभव विचारताना आपल्याकडची एक गोष्ट विसरून चालणार नाही. विज्ञान शाखेच्या कितीतरी मुलांची अकरावी-बारावी ‘इंटिग्रेटेड’ पद्धतीने, म्हणजे खासगी क्लासमध्ये, झालेली असते आणि कनिष्ठ महाविद्यालयाशी त्यांचा संबंध प्रात्यक्षिके व परीक्षा यांपुरताच आलेला असतो. हजेरीचा नियम ठाऊक असल्यामुळे ‘तासांना नियमित बसत होता का?’ असे विचारले की उत्तर ‘होय’ असेच येते. ‘बारावीचे विषय मुख्यतः कोठे शिकलात?’ असे विचारून महाविद्यालय, क्लास, ऑनलाइन आणि स्वतः हे पर्याय सारख्याच वजनाने मांडले, तर मुले मोकळेपणाने सांगतात. प्रयोगशाळेविषयीही ‘अनुभव आहे का?’ असे न विचारता ‘टायट्रेशन स्वतःच्या हाताने किती वेळा केले?’ असे विचारावे. पहिल्या प्रात्यक्षिकाची आखणी त्यावरच ठरते.

प्रत्येक प्रश्न मराठी आणि इंग्रजी दोन्हींत छापावा, कारण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, मराठवाड्यातून किंवा खानदेशातून आलेली मुले इंग्रजी प्रश्नाला अंदाजाने उत्तर देतात. मोकळा प्रश्न एकच ठेवावा. ‘महाविद्यालयाकडून काय अपेक्षा आहेत?’ याला बहुतेक जण ‘चांगले प्लेसमेंट’ एवढेच लिहितात (आणि त्यात त्यांचा दोष नाही, माहितीपुस्तिकेत आपणच तेवढे ठळक छापलेले असते). ‘पहिल्या सत्रात कशाची धास्ती वाटते?’ असे विचारले की इंग्रजीतून व्याख्यान, मेसचे जेवण, बसचा लांबचा प्रवास अशी खरी उत्तरे येतात.

वर्षअखेरीस ताडून पाहायचे असेल तर प्रश्नावली पूर्णपणे निनावी ठेवता येणार नाही. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक द्यावा आणि त्याची यादी शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे न ठेवता कार्यालयातील एकाच जबाबदार व्यक्तीकडे ठेवावी. प्रवेश घेणारे अनेक जण अठरा वर्षांखालील असतात आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या दृष्टीने ते बालकच ठरतात, म्हणून पालकांची संमती आधीच घ्यावी. जात आणि उत्पन्न कार्यालयाकडे नोंदलेले असतेच. ते पुन्हा विचारू नये.