घर बघायचं ते पावसात

प्रिय मित्रा,

सोडवून आणलेल्या घोड्या-गाढवांना सांभाळणारी घरं शोधण्याचं काम तू अंगावर घेतलंस. फोन बरेच येतील. कुणाकडे मोठं भाट, म्हणजे माडांची बाग असेल, कुणाच्या मुलांना घोडा हवा असेल. तेवढ्यावर भुलू नकोस. घर बघायला जायचं ते जुलैत, पाऊस कोसळत असताना. एप्रिलमध्ये आपल्या गोव्यात डिचोलीतलं कुठलंही माळरान चांगलंच दिसतं.

गाढव मूळचं कोरड्या मुलखातलं. घोड्याच्या अंगावरून पाणी बरंचसं निथळतं. गाढवाच्या केसांतून ते थेट कातडीपर्यंत पोचतं. त्याचं खूरही पाणी जास्त शोषतं. म्हणून गाढवांच्या जोडीला निदान नऊ चौरस मीटर जागा पक्क्या छपराखाली हवी. खाली चिरे, पाणी वाहून जाईल असा उतार आणि वर पेंढ्याचं कोरडं अंथरूण. खाजन, म्हणजे खाडीकाठची सखल जमीन बाद. पाटाच्या पाण्यावरचं कुळागरही (पोफळीची बाग) बाद, कितीही गार सावली असली तरी.

खुरं रोज साफ व्हायला हवीत. तळव्यात मधोमध त्रिकोणी मऊ भाग असतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा बोथट आकडीने टाचेकडून पुढे कोरायच्या. काळा, कुजका वास मारणारा लगदा निघाला की सड लागली समज. नुसतं औषध लावून ती थांबत नाही, आधी उभं राहायची जागा कोरडी करावी लागते. घोड्याची खुरं सहा ते आठ आठवड्यांनी, गाढवाची आठ ते दहा आठवड्यांनी तासायची. नालबंद आधी ठरव, जनावर मग पाठव.

मोरजी, हरमल अशा किनाऱ्यालगतच्या घरी वेगळीच पीडा. वाळूवर टाकलेला चारा खाताना वाळू पोटात जाते, आतड्यात साचते आणि पोटशूळ उठतो. वैरण गव्हाणीतच द्यायला सांग. संशय आला तर लिदीचे पाच-सहा गोळे बाटलीत पाण्यात कालवून ठेव. थोड्या वेळाने तळाशी वाळू दिसेल.

खाण्याचा हिशेब असा: 250 किलोच्या तट्टाला दिवसाला साधारण पाच किलो कोरडी वैरण, 150 किलोच्या गाढवाला अडीच. पेंढ्याला बुरशी आली असेल तर अख्खी पेंढी फेकायची, वरवर झटकून भागत नाही. चंदीची, म्हणजे धान्याच्या खुराकाची गरज बहुतेकांना नसतेच. पावसाळी हिरव्या गवतावर मोकळं सोडलेलं गाढव महिन्या-दोन महिन्यांत गलेलठ्ठ होतं, मानेवर चरबीचा उंचवटा येतो आणि मग खुराच्या आतला भाग सुजून ते लंगडू लागतं. पोळी-भाकरी, केळी, गूळ घेऊन येणारे शेजारी इथे हमखास नडतात. उलट, तेच गाढव दिवसभर खाईना झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये. अंगातली चरबी रक्तात उतरते आणि जनावर हातचं जातं. प्रवासानंतर किंवा जोडीदार तुटल्यावर हे जास्त होतं. म्हणून जोडी फोडायची नाही, कुणी एकच मागितलं तरी.

गायी-कोंबड्यांचं घर चांगलं, माणसांना जनावराची सवय असते. पण तिथे दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघ. गोचिडांवरचं अमिट्राझ हे औषध गायीला चालतं, घोड्याच्या आतड्याची हालचाल त्याने थांबते. कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं असेल तर त्याची थोडी मात्राही घोड्याचं हृदय निकामी करते. पोती वेगळ्या खोलीत, कडी लावून. कुंपणाला कण्हेर असेल तर मुळासकट काढून घ्यायची. छाटलेली वाळकी पानंही तितकीच विषारी. काटेरी तारही नको: घोड्याला धनुर्वात पटकन होतो, म्हणून त्याची लस घराबाहेर पाठवण्याआधीच टोचलेली हवी.

नराचं खच्चीकरण आधी. ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगासाठी रक्ताची तपासणी सरकारी पशुवैद्यामार्फत करून घे आणि निकाल येईपर्यंत जनावर वेगळं ठेव. हा रोग माणसालाही होतो, थट्टा नव्हे. जनावर पोलीस केसमधलं असेल तर खटल्याच्या निकालापर्यंत ते कुणाच्या मालकीचं करून देता येत नाही, हे घरच्यांना पहिल्याच भेटीत सांग. करारात स्वारी नाही, ओझं नाही, पैदास नाही, विक्री नाही, आणि नको झालं तर परत आमच्याकडेच, एवढं स्पष्ट लिहून घे. न कळवता भेटीला येण्याचा हक्कही त्यातच.

निघताना त्यांना एक प्रश्न विचार: चवथीला, गणपतीत, सगळे गावच्या घरी जाता तेव्हा या जनावरांची खुरं कोण बघणार? त्या माणसाचं नाव आणि फोन नंबर मिळाला तर पुढचं बोलणं करायचं. नुसतं ‘कुणीतरी असतंच’ असं उत्तर आलं, तर चहा पिऊन परत ये.