आधी ‘शिकामो’, मग बॅग

“मावशी, मी २६ वर्षांची, बी.एड. झालेली. जानेवारीपासून सहा महिने टांझानियात इरिंगाच्या एका प्राथमिक शाळेत गणित शिकवायला स्वयंसेवक म्हणून जातेय. दोन महिने आफ्रिकेबद्दल वाचतेय, तरी काही कळलंय असं वाटत नाही. इकडे आई रोज रडते. सुरुवात कुठून करू?”
– एक वाचक, सातारा

अगं, ‘आफ्रिकेबद्दल’ वाचतेयस, म्हणूनच कळत नाहीये. कैरोपासून केपटाऊनपर्यंत वाचून इरिंगा कसं कळणार? सिंह, जिराफ, किलिमांजारो सगळं बाजूला ठेव.

मला तुझ्या पत्रातलं ते ‘गणित’ खटकलं. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीतून चालतात, इंग्रजी माध्यम येतं ते माध्यमिकला. मग तिसरीच्या पोरांना तू भागाकार कुठल्या भाषेत समजावणार? आधी शाळेलाच विचार, वर्ग कुठल्या भाषेत आहे आणि त्यांना नक्की काय हवंय.

स्वाहिली मात्र आजपासून शिकायला घे. दुकान म्हणजे ‘दुका’, रंग ‘रंगी’, हिशेब ‘हेसाबू’, चपाती तर चपातीच! मोठं माणूस दिसलं की ‘शिकामो’ म्हणायचं. मूळ अर्थ ‘तुमचे पाय धरते’. समोरून ‘मराहाबा’ आलं की नमस्कार पोचला. साताऱ्याच्या मुलीला हे वेगळं शिकवायला नको. घड्याळाने मात्र फसशील. तिथे तास सकाळी सहापासून मोजतात. ‘सा मोजा’, म्हणजे एक वाजला, की आपले सात. हेडमास्तरांनी सकाळी ‘सा म्बिली’ला, म्हणजे दोन वाजता, आपल्या आठला, बोलावलं आणि तू दुपारी दोनला उगवलीस, तर पहिल्याच दिवशी शोभा.

आणि म्क्वावा कोण ते वाचून जा. इरिंगाच्या हेहे लोकांचा हा राजा. १८९१मध्ये इरिंगाजवळच्या लुगालोला त्याच्या लोकांनी, तिथे राज्य करायला आलेल्या जर्मन सैन्याची तुकडी कापून काढली. पुढे १८९८मध्ये, पकडले जाण्यापेक्षा बरं म्हणून, त्याने स्वतःला गोळी घातली. म्क्वावाची म्हणून जर्मनीत गेलेली कवटी परत आली ती थेट १९५४मध्ये. इरिंगाजवळ कलेंगाच्या संग्रहालयात ती आहे. ‘सुधारायला’ बाहेरून आलेली माणसं या मुलखाने आधीही पाहिलीत, एवढं लक्षात ठेवून वर्गात शिर.

पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा चालत नाही. तिथला स्वयंसेवकांचा निवासी परवाना कोण काढणार, ते तुला पाठवणाऱ्या संस्थेकडून लेखी घे. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचार.

राहिली आई. तिला समजावत बसू नकोस, कामाला लाव. इरिंगा महाबळेश्वरापेक्षा उंचावर आहे, जूनमध्ये चांगलं गारठतं. स्वेटर तिलाच निवडू दे. चिवडा-मेतकूट भरायला बसली की एवढं सांग: टांझानियात जून २०१९पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, पाहुण्यांनाही. सगळं डब्यांत भर म्हणावं.