प्रत्यारोपणानंतर भावाला गावी कधी आणावे?

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी बहिणीच्या मूलपेशी (रक्त तयार करणाऱ्या पेशी) मिळालेल्या आपल्या भावाला यवतमाळजवळच्या गावी कधी आणावे, असे आपण विचारले आहे. पहिले साधारण 100 दिवस जंतुसंसर्गाचा धोका मोठा असतो आणि ताप 38 अंश सेल्सिअसवर गेला, तर गावात गोळी देऊन वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. म्हणून डॉक्टर परवानगी देईपर्यंत प्रत्यारोपण केंद्राजवळच खोली घेऊन राहावे, असे मी आग्रहाने सांगेन. घरी आल्यावर अन्न ताजे, पूर्ण शिजवलेले असावे. गोठा, शेणाचे सारवण आणि तुरीच्या मळणीची धूळ यांपासून त्याला दूर ठेवावे. भेटायला आलेल्या नातेवाइकांना ओसरीवरूनच परत पाठवणे आईला फार जड जाते, तेव्हा ते काम काकांनी अंगावर घ्यावे.