वेढा घालतात की वेढा पडतो?

कराडच्या एका वाचकाने विचारलं आहे: "इंग्रजीत ज्याला 'सीज थ्रिलर' म्हणतात त्याला मराठीत काय म्हणावं? एके ठिकाणी 'घेराबंदी थरारपट' असं वाचलं आणि खटकलं. मित्र म्हणतो 'ओलीसनाट्य' म्हण. असे सिनेमे बहुतेक कमी पैशांत केलेले असतात, तर त्यांना 'अल्पखर्ची' म्हटलेलं चालेल का? जॉन कार्पेंटरचा 'असॉल्ट ऑन प्रीसिंक्ट थर्टीन' पाहून हे डोक्यात आलं. १९७६चा सिनेमा, तरी लोक अजून तो शोधून शोधून का बघतात, हेही जमलं तर सांगा."

शेवटचा प्रश्न शब्दचर्चेच्या हद्दीबाहेरचा वाटेल, पण त्याचं उत्तर शब्दातच सापडतं असं मला वाटतं. तिकडे येतोच.

सीज थ्रिलर म्हणजे एका जागी अडकलेली मोजकी माणसं आणि बाहेर टपलेला शत्रू, अशा गोष्टीचा सिनेमा. आधी 'घेराबंदी'. हा हिंदी बातम्यांतून आलेला पाहुणा आहे. आपल्याकडे 'नाकाबंदी' आहे, पण तिचा अर्थ वेगळा. साताऱ्यात पोवई नाक्यावर पोलीस बॅरिकेड लावून गाड्या तपासतात ती नाकाबंदी. तिथे येणारा-जाणारा अडवला जातो, म्हणजे माणूस हलता असतो. वेढ्यातला माणूस जागचा हलू शकत नाही, हलणं दुसऱ्यांच्या हातात असतं. राहिला 'घेरा'. या शब्दाला सातारा जिल्ह्यात तरी शत्रू करू नका. पाटण तालुक्यात घेरादातेगड नावाचं गाव आहे, वाईकडे घेराकेळंजा आहे. गडाच्या पायथ्याभोवतीचा मुलूख म्हणजे त्या गडाचा घेरा. तिथली माणसं गडाच्या चाकरीची, गडाची राखण करणारी. गडाला घेरा असणं ही काळजीची नव्हे, आधाराची गोष्ट.

'ओलीसनाट्य' चांगला शब्द आहे, पण त्याचं तोंड उलट्या दिशेला आहे. ओलीस म्हणजे हमीसाठी अडकवून ठेवलेला माणूस; पूर्वी तह झाला की असा माणूस ठेवून घेत. ओलीसनाट्यात गुन्हेगार आत असतात आणि पोलीस बाहेर. बाहेरच्यांना आत शिरायचं असतं आणि बोलणी चालू असतात. तुमच्या सिनेमात पोलीस आत आहेत, टोळी बाहेर, आणि बोलणी तर नाहीतच. बाहेरचे जवळजवळ तोंडच उघडत नाहीत.

तेव्हा शब्द 'वेढा', आणि त्यावरून 'वेढापट'. थरारपट, बोलपट चालतात तर हाही चालावा. 'वेढा-थरारपट' लिहू नका. वेढा म्हटल्यावर थरार वेगळा सांगावा लागत नाही.

वेढा आला संस्कृत 'वेष्ट्' या धातूपासून, प्राकृतातल्या 'वेढ'वरून. 'वेष्टण' हे त्याच घरातलं, फक्त सोवळ्यात राहिलेलं. वेढ्याचा मूळ भाव गुंडाळण्याचा आहे. लग्नात बोटात घालतात ती सोन्याची वेढणी त्यातलीच. आमच्याकडे गाय बांधताना वडील ओरडत, "अरे, नुसती गाठ नको, खुंट्याला दाव्याचे दोन वेढे दे." एक वेढा सुटतो, दोन सुटत नाहीत, हे तेव्हा एका वासरामागे निम्मं शिवार पळून झाल्यावर कळलं.

इंग्रजी 'सीज'च्या मुळाशी मात्र बसणं आहे, लॅटिनमधलं. गंमत म्हणजे कौटिल्यानेही तेच पाहिलं. अर्थशास्त्रात दुर्ग जिंकण्यावर जे अधिकरण आहे त्यात वेढ्याला 'पर्युपासन' म्हटलंय: परि, उप, आणि 'आस्' म्हणजे बसणं. सभोवार जवळ बसून राहणं. (ते अधिकरण तेरावं आहे. हा निव्वळ योगायोग, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

आता मराठीची स्वतःची करामत. 'वेढा' या नामाला आपण कुठलं क्रियापद लावतो ते पाहा. बाहेर उभा असलेला माणूस वेढा घालतो किंवा देतो. आतल्या माणसाला वेढा पडतो. "सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला" हे वाक्य सिद्दीच्या छावणीत उभं राहून लिहिलेलं आहे. "पन्हाळ्याला वेढा पडला" म्हणालात की तुम्ही तटाच्या आत आलात. पाऊस पडतो, दुष्काळ पडतो, रात्र पडते, तसा वेढा पडतो. ज्याच्यावर पडतो त्याला तो कुणी पाडला हे विचारायला सवड नसते. आणि पुढचा प्रवासही असाच दोन बाजूंनी. कंटाळून, हरून किंवा पैसे खाऊन बाहेरचे निघून गेले तर वेढा उठला. मदतीची फौज आली तर तिने वेढा उठवला. आतल्यांनी मारून वाट काढली तर वेढा फोडला. एका शब्दात 'कोण कुठे उभा आहे' हे सांगणारी एवढी सोय इंग्रजीत शोधून सांगा.

माझं म्हणणं इतकंच की वेढापट हा 'पडला'चा सिनेमा आहे, 'घातला'चा नव्हे. कार्पेंटरच्या सिनेमात लॉस एंजेलिसमधलं एक पोलीस ठाणं बंद होऊन दुसरीकडे हलवलं जात असतं. सामान गेलेलं, माणसं मोजकी, एका रात्रीपुरता एक अधिकारी पाठवलेला. कैद्यांची बस आजारी कैद्यामुळे तिथेच थांबते. मग एक माणूस धावत आत येतो. त्याच्या लहान मुलीला टोळीने मारलेलं असतं आणि त्याने त्यांच्यातल्या एकाला. पण तो धक्क्याने इतका थिजलेला की एक शब्द बोलत नाही. म्हणजे आपल्यावर हे का पडलंय, ते आतल्यांना कळतच नाही! फोन तुटतो, वीज जाते. बंदुकांना आवाज दाबणारी नळी लावलेली, त्यामुळे काचा फुटतात, कागद उडतात, पण शेजारच्या गल्लीत कुणाला पत्ता नाही. टोळीवाले आपली मेलेली माणसंही उचलून नेतात, रस्ता पुन्हा रिकामा. बाहेरून पाहणाऱ्याला वेढा दिसतच नाही, तो फक्त आतून आहे. माणसं पुन्हा पुन्हा हा सिनेमा का बघतात याचं माझ्यापुरतं उत्तर हे. बाहेरच्यांची बाजू, त्यांची कारणं दिग्दर्शक सांगत बसत नाही. आपल्याला तटाच्या आत नेऊन सोडतो आणि दरवाजा लावून घेतो.

नावाची गोष्टही इथेच सांगतो. चित्रीकरणाच्या वेळी याचं नाव 'द सीज' होतं, म्हणजे सरळ 'वेढा'. आत्ताचं नाव वितरकाने दिलं. हल्ला विकला जातो, वेढा विकला जात नाही, असं त्याला वाटलं असावं. शिवाय ते नाव सिनेमातल्या तपशिलाशीही जुळत नाही, कारण त्यात तेरावा आहे तो विभाग, ठाणं नववं आहे. 'प्रीसिंक्ट'ला मराठीत 'चौकी' म्हणू नका, चौकी ठाण्याच्या हाताखालची. 'ठाणं'च योग्य, आणि या कथेत तर फारच चपखल. जुन्या कागदांत ठाणं म्हणजे लष्करी नाकं. जिंकलेल्या मुलखात ठाणं बसवत, हरल्यावर ठाणं उठे. इथे नेमकं उठत चाललेल्या ठाण्याला वेढा पडतो.

'अल्पखर्ची' व्याकरणात बसतं, पण बोलताना कुणाच्या तोंडी येत नाही. 'काटकसरीचा' म्हटलं की पैसे होते पण जपून वापरले असा अर्थ होतो. 'तुटपुंज्या भांडवलावरचा' हे खरं आहे, फक्त थोडं केविलवाणं. मी 'थोडक्यात भागवलेला' म्हणेन. एक लाख डॉलरच्या आसपास खर्च. लिहिणं, दिग्दर्शन, संकलन, संगीत सगळं एकट्या कार्पेंटरचं. संकलक म्हणून त्याने नाव घातलं जॉन टी. चान्स, जे 'रिओ ब्राव्हो' या १९५९च्या सिनेमातल्या जॉन वेनच्या पात्राचं आहे. तुरुंगात अडकलेले मोजके लोक आणि बाहेर टपलेली टोळी हा सांगाडा त्याने तिथूनच घेतलेला, तेव्हा हा नमस्कारच म्हणायचा. वेढापट थोडक्यात भागतो याचं कारण उघड आहे: एक इमारत, एक रात्र, आणि अंधारात असलेला शत्रू. अंधाराला भाडं पडत नाही.

साताऱ्यात राहून हा शब्द निव्वळ पुस्तकी राहत नाही. डिसेंबर १६९९मध्ये औरंगजेबाने स्वतः येऊन अजिंक्यताऱ्याला वेढा घातला. (बघा, 'घातला' लिहिलं, कारण कर्ता तो आहे.) त्याचे तंबू करंज्याला होते. आज करंजे शहराचाच भाग आहे. तिथून मान वर केली की तट आणि टॉवर एकदम दिसतात. गडाला वेढा पडला तो एप्रिल १७००पर्यंत. मधल्या काळात परळीहून, म्हणजे सज्जनगडावरून, मराठ्यांच्या परशुराम त्र्यंबकांनी गडाला दाणागोटा पोचवला, असं इतिहासकार ग्रँट डफ लिहितो. शेवटी मोगलांनी तटाखाली सुरुंग भरले. त्यातल्या एका स्फोटात तट आत पडायच्या ऐवजी बाहेर पडला, खाली हल्ल्यासाठी दाटीने उभ्या असलेल्या मोगलांवरच. कार्पेंटरच्या सिनेमाच्या शेवटीही आतल्यांनी केलेला स्फोट बाहेरच्यांना गिळतो. त्याला अजिंक्यतारा ठाऊक असण्याचं काही कारण नाही. वेढ्याचा शेवट जिथे दाटी असते तिथेच होतो, एवढाच त्याचा अर्थ.

जाता जाता 'मोर्चा'. हा वेढ्यातलाच शब्द, मूळ फारसी. किल्ल्यासमोर खणलेली, तोफा लावलेली आडोशाची जागा म्हणजे मोर्चा. मोर्चे लावत, मोर्चेबांधणी करत. आता मोर्चा चालत कलेक्टर कचेरीवर जातो. बसलेला शब्द उठून चालायला लागला, आणि मोर्चेबांधणी करायला निवडणुकीचे उमेदवार उरले.

'वेढा पडला' हे मी सगळ्यात खरं ऐकलं ते मात्र सांगलीत, फोनवर. ऑगस्ट २०१९चा पूर. ताई गावभागात राहते. खालचा मजला पाण्यात गेल्यावर ती, भाऊजी आणि खालचे काका-काकू वरच्या दोन खोल्यांत. त्या काकांशी यांचं जिन्याखालच्या जागेवरून चार वर्षं बोलणं बंद होतं. वीज नाही, म्हणून ताई दिवसातून एकदाच फोन चालू करायची. पहिल्या दिवशी म्हणाली, "आम्हाला वेढा पडलाय रे." पाण्याने वेढा घातला असं नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी कळलं, दुधाची भुकटी काकांकडे होती आणि गॅस हिच्याकडे, त्यामुळे चहा एकत्र. तिसऱ्या दिवशी फोन काकांनीच उचलला आणि मला "अहो, काळजी करू नका, ताई झोपल्यात" म्हणाले. त्या सिनेमात अधिकारी शेवटी कैद्याच्या हातात बंदूक देतो, कारण दुसरं कुणी नाही. ते दृश्य पाहताना मला दर वेळी ती भुकटी आठवते.

पाणी उतरल्याची बातमी आली तेव्हा मी फोन केला आणि सवयीने विचारलं, "उठला का गं वेढा?"

"उठतोय कुठला," ताई म्हणाली. "ओसरला. घोटाभर चिखल ठेवून गेलाय. तू खराटा घेऊन ये."