दत्तक घेतलेली कुत्री दोरी बांधली की जमिनीला चिकटून बसते. तिला फिरायची सवय कशी लावावी?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांची कुत्री घरी येऊन आठवडा झाला, दिवसभर ती पलंगाखाली असते, दोरी बांधली की फतकल मारते, कशीबशी बाहेर नेली तर घराच्या दिशेने जिवाच्या आकांताने ओढते. आणि रात्री रडते.

माझा पहिला सल्ला तुम्हाला विचित्र वाटेल. तिला फिरवणं सध्या बंद करा. शी-शूसाठी दारापासून जवळात जवळची शांत जागा गाठायची, काम झालं की परत. तुम्हाला ही चालण्याची अडचण वाटते आहे, पण ही भीती आहे. घरच अजून तिला आपलं वाटत नाही, मग रस्ता कुठून वाटणार?

हे मी चूक करून शिकलो. आमची चिंगी आली तेव्हा मी उत्साहाच्या भरात चौथ्याच दिवशी तिला साध्या गळपट्ट्यावर लांब नेलं. मागून एका स्कूटरचा आवाज झाला, ती दचकून उलटी मागे सरकली आणि डोकं पट्ट्यातून सुटलं. रिकामा पट्टा हातात धरून मी तसाच उभा. आधी मागे धावलो, ती आणखी लांब पळाली. शेवटी एका उभ्या गाडीखाली सापडली. तिथे मी जमिनीवर बसलो, तिच्याकडे न बघता, अंग तिरकं करून, बाजूला चिकनचे तुकडे टाकत. पाऊण तासाने आली. कुत्री सुटली तर पाठलाग करायचा नाही, हे तेव्हा अंगात मुरलं.

म्हणून आधी साधनं. घाबरलेलं कुत्रं पुढे नाही, मागे सरकून सुटतं, त्यामुळे नुसता गळपट्टा नको. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा, खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस घ्या. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतपतच सैल. पहिले काही आठवडे हार्नेस आणि गळपट्टा एका छोट्या जोडपट्टीने एकमेकांना जोडून ठेवा, एकातून निसटली तरी दुसरा धरून ठेवतो. गळ्यात तुमचा फोन नंबर असलेला बिल्ला हवाच, घरात असतानाही. दोरी साधी, दीड-दोन मीटरची. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी या कुत्रीसाठी नको: तिच्यात सतत ताण राहतो, आणि हँडल हातातून निसटलं की तो प्लास्टिकचा ठोकळा खडखडत तिच्या मागे लागतो. गळा आवळणारी साखळी कोणी सुचवली तर कानाडोळा करा.

आता घरातलं. पलंगाखालून ओढून काढू नका, ती तिची जागा आहे, तिथेच अंथरूण आणि पाणी द्या. तुम्ही त्याच खोलीत जमिनीवर बसा, पाठ किंवा कूस तिच्याकडे, आणि आपलं काहीतरी वाचत राहा. अधूनमधून खाऊ टाका, पण तो तुमच्याजवळ नाही, तिच्या पलीकडे. आपण हातात खाऊ धरून बोलावतो तेव्हा भित्र्या कुत्र्याची ओढाताण होते: खाऊ हवा असतो, माणूस नको असतो. पलीकडे टाकला की ती खाते, सुरक्षित राहते आणि मग स्वतःहून तुमच्याकडे वळते. हात लावायचा तर डोक्यावरून नको, छातीशी किंवा हनुवटीखाली, तोही ती जवळ आल्यावर. पाहुणे महिनाभर थांबू शकतात.

दत्तक देणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा आहे: तीन दिवस बावरलेपणाचे, तीन आठवडे घराची घडी कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला. नियम नव्हे, अंदाज. तुम्ही अजून पहिल्याच पायऱ्यांवर आहात.

दोरीची ओळखही घरातच. हार्नेस जेवणाच्या भांड्याशेजारी पडू द्या. मग त्याच्या गोलातून खाऊ द्या, म्हणजे तोंड ती स्वतः आत घालेल. मग दोन मिनिटं घालून काढा. दोरी अडकवून दहा मिनिटं तशीच घरभर घसटू द्या, तुम्ही समोर असताना. ती सवयीची झाली की टोक हातात घ्या आणि ती जाईल तिकडे तुम्ही जा. हो, सुरुवातीला तिने तुम्हाला फिरवायचं. दोरीला कायम झोळ हवा. दोरी ताणली की कुत्रं आपसूक उलट दिशेला जोर लावतं, त्यामुळे फतकल मारलेल्या कुत्रीला ओढलं की ती आणखी घट्ट रुतते. ती बसली तर तुम्हीही थांबा, दोन पावलं तिच्या बाजूला जा, वाट बघा.

मग दार. उघडायचं, उंबऱ्यावर खाऊ, आत. दुसऱ्या दिवशी चार पावलं बाहेर, आत. वर्दळ नसलेली वेळ निवडा आणि तीन-चार मिनिटांत परत या. वास घेऊ द्या, हवा तितका. अंतर मोजू नका.

पुढे जावं की नाही हे ओळखायची माझी खूण एकच: घरात चिकनवर तुटून पडणारी कुत्री बाहेर त्याच तुकड्याकडे बघतसुद्धा नसेल, तर भीती तिच्या आवाक्याबाहेर गेली आहे. मागे फिरा. ओठ चाटणं, कारण नसताना जांभया, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं या त्याआधीच्या खुणा. एखादा दिवस फारच वाईट गेला तर पुढचे एक-दोन दिवस पुन्हा दारापुरतंच, कारण भीती साचत जाते.

धीट झाली की ती उलट तुम्हाला पुढे ओढायला लागेल. तो चांगला त्रास. दोरी ताणली की खांबासारखं उभं राहायचं, सैल झाली की चालायचं, आणि तुमच्या पायाशेजारी असताना खाऊ द्यायचा. घरात एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने ओढू द्यायचं, असं मात्र चालत नाही.

एकदा पशुवैद्याला दाखवाच. पंजा, कंबर किंवा सांधा दुखत असेल तरी कुत्री चालायला नकार देते. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर लगेच न्या. गुरगुरली तर रागावू नका, ती आधी सांगते आहे. दाबलंत तर पुढच्या वेळी न सांगता चावेल.

राहिलं रात्रीचं रडणं. लाड होतील म्हणून दुर्लक्ष करा, असं तुम्हाला कोणी सांगितलंय, ते सोडून द्या. तिच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून काही रात्री झोपा. ती शांत झोपायला लागली की गादी रोज थोडी थोडी तुमच्या खोलीकडे सरकवा. माझी अकराव्या रात्री दारापर्यंत पोचली होती, बाराव्या रात्री चिंगी तिच्यावर झोपली आणि मी फरशीवर.