मे महिन्यात पाहिलेलं वाळवंट

प्रश्न : मुलाच्या प्रकल्पासाठी अमेरिकेचे जुने नकाशे चाळले. एकावर रॉकी पर्वताच्या अलीकडे चक्क 'महावाळवंट' छापलंय. आज तिथे गहू-मका पिकतो. लष्कराने केलेला नकाशा एवढा कसा चुकला? – एक वाचक, सांगोला

उत्तर : ताई, हे मेजर स्टीफन लाँग यांच्या १८२० च्या मोहिमेचं देणं. वीसेक माणसं, घोडे, होकायंत्र, सूर्य-ताऱ्यांची उंची मोजणारा सेक्स्टंट. जूनमध्ये मिसूरीकाठची छावणी सोडली, प्लॅट नदी धरून रॉकी पर्वत गाठला आणि सप्टेंबरात फोर्ट स्मिथला परत. एवढा मुलूख एका उन्हाळ्यात! सोलापुरात मोजणी खात्यात माझी नोकरी झाली. ३३ फुटी साखळीने एका गावाची हद्द उरकताना आमचा घाम निघायचा. त्यांना साखळी लावत बसायला सवड कुठली? अक्षांश सूर्य-ताऱ्यांवरून, मधलं अंतर बरंचसं अंदाजाने.

परतीला तर फजितीच झाली. दोन तुकड्या झाल्या. रेड नदी समजून लाँग यांची तुकडी कित्येक आठवडे एका नदीच्या काठाने चालली. ती आर्कान्सा नदीला मिळाली तेव्हा कळलं, ही कॅनेडियन नदी! दुसऱ्या तुकडीतले तीन शिपाई घोडे आणि टिपणवह्या घेऊन पसार झाले, ते वेगळंच. (वही गेल्याचं दुःख मला विचारा. माझी मोहोळजवळ ओढ्यात गेली होती. सगळे बांध पुन्हा तुडवले.)

पण 'वाळवंट' या घोटाळ्यातून आलं नाही. झाडं नाहीत, पाणी कमी, म्हणजे शेतीला नालायक, असा लाँगसाहेबांचा शेरा. वाटेत तिथल्या मूळच्या पॉनी लोकांची गावं लागली, ते मका पिकवायचे, तरीही! तुम्ही मे महिन्यात मंगळवेढ्याच्या शिवारात उभ्या राहा. भेगाळलेली काळी रानं, सावलीला एखादी बाभूळ. परका अंमलदार दुसरं काय लिहिणार? त्याच रानात परतीच्या पावसाची ओल धरून मालदांडी पौषात हुरड्याला येते. तो तेव्हा तिथे नसतो.

साहेब अगदीच खोटे नव्हते म्हणा. पश्चिमेकडे पाऊस खरंच कमी. आजचं पुष्कळ पीक ओगलाला नावाच्या भूजलसाठ्यावर उभं आहे आणि त्याची पातळी बऱ्याच ठिकाणी खाली चाललीय. सांगोल्याच्या माणसाला बोअरचं दुखणं मी काय सांगू?

मुलाला नकाशावर लाँगची वाट लाल पेन्सिलीने काढू द्या आणि तिच्याकडेने महिने लिहायला लावा : जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर.