फिल्म नंतर बघ, आधी पेशंटला विचार

काल रात्रीचा तुझा मेसेज तीनदा वाचला. हृदयविकारात पुढे ईपी म्हणजे ठोक्यांचे आजार करू का, इमेजिंग म्हणजे इको-स्कॅनचं काम करू का, की स्ट्रक्चरल म्हणजे झडपांच्या कामाला जाऊ, बरोबरचे सगळे कुठल्या ना कुठल्या फेलोशिपला चाललेत, त्यात ईसीजी आता मशीनच वाचायला लागलंय... एवढं सगळं विचारलंस, पण अख्ख्या मेसेजमध्ये एकही पेशंट नाही गं. तेच खटकलं.

डॉक्टर ग्रुन्ट्झिगने १९७७ मध्ये झुरिकला फुग्याने पहिली कोरोनरी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी धमनी, उघडली. डॉक्टर क्रिबिएने २००२ मध्ये छाती न उघडता महाधमनीची झडप बसवली, तीही ऑपरेशन झेपणारच नाही अशा पेशंटला, आणि आज तीच झडप कमी रिस्कवाल्यांनाही बसवतात. तू आता जे शिकशील तेही असंच बदलणार, म्हणून फेलोशिप कुठलीही घे, त्यावर मी वाद घालणार नाही. अँजिओग्राफीची फिल्म बघायच्या आधी पेशंटला विचार, एवढंच मागतोय.

माझा एक पेशंट होता. मी आधी फिल्म बघितली, सत्तर टक्के ब्लॉक दिसला, स्टेंट टाकला, रिझल्ट एकदम सुंदर. दोन महिन्यांनी रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊन परत आला, आणि तेव्हा त्याची मुलगी म्हणाली की बाबांना जेवून आडवं झालं की दुखायचं, चालताना कधीच नाही. म्हणजे ते दुखणं बहुधा हृदयाचं नव्हतंच, आणि मी विचारलंच नव्हतं. तेव्हा सगळेच असं करायचे, अरुंद दिसलं की उघडायचं हेच आम्हाला शिकवलेलं, दिवसाला आठ-आठ केसेस असायच्या, वेळ कुठून आणणार होतो मी? पण दोन मिनिटं होती. ती होतीच.

इस्किमिया ट्रायल तू पाठ केली असशील, ५१७९ पेशंट, आजार स्थिर असताना लगेच स्टेंट किंवा बायपास करून मृत्यू काही कमी झाले नाहीत, आराम पडला तो ज्यांना अंजायनाचा, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याचा, त्रास होता त्यांना. मग त्रास आहे की नाही हे कोण विचारणार, लॉगबुक? लॉगबुकात केसेस मोजतात, विचारून थांबवलेली केस कुणी लिहीत नाही, म्हणून तुम्हाला ती केलीच नाही असं वाटतं. याचा राग येतो मला, तुझ्यावर नाही, पण येतो.

तू पाठवलेली फिल्म बघितली. उजव्या कोरोनरीत अरुंद आहे, दिसतंय मला. पेशंट किती चालतो, कुठे थांबतो, थांबल्यावर दुखणं जातं का, यातलं काहीच लिहिलं नाहीस. उद्या सकाळी राउंडच्या आधी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बस, विचार, मग फोन कर. फेलोशिपचं त्यानंतर बोलू.